दुधात भिजवलेले दोन केक

मी मुळातच भित्री. पाल दिसली तरी किंचाळून गल्ली गोळा करणाऱ्यांतली. पण त्या शनिवारी दुपारी मी जेवढी घाबरले, तेवढी पुढे बाळंतपणातही घाबरले नाही.

मिल बंद होऊन वर्ष होत आलं होतं. नवरा तिथे टाइमकीपर. भोंगा वाजायचा थांबला तरी तो साडेपाचला उठायचा, आणि मग करण्यासारखं काही नसल्यामुळे दिसेल त्याच्यावर खेकसायचा. सुदामा नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत दिसायला होतं कोण? मी आणि सासूबाई. घरखर्चासाठी म्हणून मी केक करून विकायला घेतले. दालबाटीच्या बाट्या भाजायचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन इंदुरात घरोघरी असतो, तसा आमच्याकडेही होता. त्यात मी तीन थर भाजायची, वेलची-जायफळ घालून आटवलेल्या दुधात ते भिजवायची, मध्ये मलई थापायची आणि रात्रभर मुरायला ठेवायची. टीव्हीवरच्या नव्या नव्या जाहिराती बघून तेव्हा राजवाड्याकडच्या कापडवाल्यांच्या घरांतही वाढदिवसाला केक कापायची टूम निघाली होती.

अंड्याचे केक मी चोरून करायची. सासूबाई कडक. बाहेरचं बिस्कीटसुद्धा तोंडात घालायच्या नाहीत. त्यांच्या वामकुक्षीच्या वेळात नवरा जेवणाच्या डब्यातून अंडी आणायचा, मी ती फेटायची आणि टरफलं गुलाबाच्या कुंडीत पुरायची. मी स्वतः जन्मात अंडं खाल्लेलं नव्हतं. केक जमलाय की नाही हे नवरा चाखून सांगायचा. आपण केलेल्या पदार्थाची चव आपल्यालाच ठाऊक नाही, अशी मी एकटीच आचारी असेन.

त्या शनिवारी दोन केक द्यायचे होते. एक अंड्याचा, ईस्टरसाठी, ओळखीच्या एका नर्सबाईंचा. तो संध्याकाळी जाणार होता. दुसरा बिनअंड्याचा, एका जैन कापडव्यापाऱ्याच्या आईच्या पंचाहत्तरीचा. पहिला घास त्या आजींना भरवायचा होता, आणि त्या घरात सूर्यास्तानंतर कोणी खात नसल्यामुळे केक पाचला कापायचा होता. याच शेठजींनी नवऱ्याला गोदाम सांभाळायच्या नोकरीचा शब्द दिला होता. सोमवारपासून या म्हणाले होते. वर्षभरात नवरा पहिल्यांदाच गुणगुणत दाढी करत होता.

दोन्ही केक जाळीच्या कपाटात होते. डावीकडे बिनअंड्याचा, उजवीकडे अंड्याचा. वरून दोन्हींवर सारखीच मलई आणि सारखेच पिस्ते. खूण म्हणून काही ठेवलं नव्हतं, कारण खूण दिसली की सासूबाई विचारणार, ही कसली? साडेतीनला मी डावीकडचा केक नवऱ्याच्या हातात दिला. तो लूनावरून सांभाळत निघून गेला.

चारला सासूबाई उठल्या. चहा घेताना सहज म्हणाल्या, "अगं, सकाळी तू आंघोळीला गेलीस ना, तेव्हा कपाटात मुंग्यांची ही लाइन! मी दोन्ही केक बाहेर काढले, सगळं पुसलं आणि परत ठेवले."

"कोणता कुठे ठेवलात?"

"दोन्ही तर सेम आहेत. त्यात काय एवढं?"

मी कपाट उघडून उरलेल्या केकपुढे उभी राहिले. वास घेतला तर जायफळाचा. बोटाने दाबला तर दुधाने मऊ झालेला, दोन्ही तसेच व्हायचे. चाखून मला काय कळणार होतं! डोळ्यांपुढे त्या आजी येत होत्या, पंचाहत्तर वर्षं जपलेलं त्यांचं तोंड येत होतं, आणि सकाळचा नवऱ्याचा गुळगुळीत चेहरा. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडत रडत सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. अंडी, डबा, कुंडी, सगळं. त्या मला माहेरी पाठवतील याचीही भीती वाटत होती.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "गुलाब एवढा कधी फुलत होता का आपला? तुळशीत पुरत नव्हतीस, म्हणून मी चुप होते. पण यांतला एकच तसला आहे, हे नव्हतं माहीत."

मग त्यांनी सुरी घेतली आणि नर्सबाईंच्या केकचा खालच्या कडेचा तुकडा कापला. मला वाटलं, वास घेतील. त्यांनी तो तोंडात घातला.

"आई!"

त्यांनी हातानेच मला गप्प केलं. डोळे मिटून त्या हळूहळू चावत होत्या. सासरे मिलच्या कापूस पिंजायच्या खात्यात होते. त्यांची छाती बिघडली तेव्हा डॉक्टरांनी दुधात कच्चं अंडं द्यायला सांगितलं होतं. नासकं तर नाही ना, म्हणून सासूबाई रोज आधी स्वतः घोट घ्यायच्या. सासरे गेल्यावर त्यांनी ओंकारेश्वराला जाऊन त्याचं प्रायश्चित्त घेतलं आणि पुन्हा कधी शिवायचं नाही असा नेम धरला. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त त्यांचा हलणारा जबडा दिसत होता.

"यात अंडं नाही," त्या म्हणाल्या. "दूध आणि अंडं, ती चव मी मरेपर्यंत नाही विसरणार. यात नाही."

त्यांचं तोंड बाटलं नाही म्हणून मला क्षणभर हायसं वाटलं. मग कळलं, अंड्याचा केक तिकडे गेलाय.

घड्याळात साडेचार वाजले होते. माझ्या मनात काय आलं ते आता लपवत नाही. गप्प बसावं, असंच आलं. त्या घरात तरी कोणाला अंड्याची चव माहीत होती? त्यांनी मिटक्या मारत खाल्लं असतं, सोमवारी नवरा गोदामात गेला असता. मी तसं बोललेही. सासूबाईंनी देव्हाऱ्यातल्या वाटीतून नाणी काढून माझ्या हातावर ठेवली आणि माझ्या चपला दारात सरळ करून ठेवल्या. सासूने सुनेच्या चपलांना हात लावलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

कोपऱ्यावरच्या पीसीओत मी तीनदा नंबर चुकीचा फिरवला. चौथ्यांदा त्या आजींच्या सुनेने फोन उचलला.

"भाभीजी, केक मत काटिए. मेरी गलती हो गई. उसमें अंडा है."

पलीकडे मुलांचा गलका चालला होता. मी विचारलं, "दादीजी ने खाया तो नहीं?"

"नहीं. अभी बुला ही रहे थे." आणि तिने फोन ठेवला.

सहाला नवरा आला. केकचा खोका त्याने ओट्यावर आदळला. "सगळ्यांच्या सामने शेठजी बोलले, आपका काम बाद में देखेंगे. बाद में म्हणजे कधीच नाही, समजलं? एवढा एक केक नीट देता आला नाही तुला!" मी भिंतीला टेकून उभी होते. तो माझ्यावर हात उचलेल असं त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं. "आणि हे तुला समजलं कसं? तू तर कधी खात नाहीस. कोणी चाखून सांगितलं?"

"मी," सासूबाई आतून म्हणाल्या.

नवरा वळला. आईचा नेम त्याला ठाऊक होता. मग स्टूल ओढून खाली बसला. हलक्या आवाजात त्याने विचारलं, "आई, तुम्ही चूळ तरी भरली ना?"