दिव्यामागचं पांढरं अस्तर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

हैदराबादेत, चिक्कडपल्लीत माझं आणि युसूफचं भागीदारीत गॅरेज होतं, जुन्या विलायती गाड्यांचं. वायरिंग त्याचं, बाकी सगळं माझं. नव्या गाड्यांच्या शोरूम नुकत्याच उघडू लागल्या होत्या, आणि हाती नवा पैसा आलेल्यांना जुन्या गाड्यांची हौस सुटली होती. सगळं मूळचं हवं — आतल्या छताच्या दिव्यासकट. आणि दिवे ओळखावेत तर मीच. आधीच्या गाड्यांना काचेचा, गोल. नंतरच्यांना प्लास्टिकचा, चौकोनी. दिवा बघून मी गाडीचं साल सांगायचो. गर्व होता हो. गर्वाचं घर खाली म्हणतात — माझं कुठे झालं?

सिकंदराबादचा एक कंत्राटदार गाडी न्यायला आला. मी सहज आत डोकावलो आणि दिमाखात सांगून टाकलं, की हा चौकोनी दिवा या सालचा नाही, मूळचा कुणीतरी काढून घेतलाय. वायरिंगसाठी गाडी युसूफच्याच हाताखाली होती. मग संशय कुणावर जाणार?

कंत्राटदाराच्या माणसांनी त्याला कॉलर धरून ओढलं, पान्याने बडवलं. उजव्या हाताची बोटं गाडीच्या दारात धरली आणि दार लावलं — तो आवाज मी कसा सांगू? युसूफ ओरडत होता, "छत का कपडा देखो, भाऊ. मैं बदला रहता तो निशान अलग दिखता ना."

मी आत शिरलो. दिवा सोडवला. छताचं अस्तर वर्षानुवर्षांच्या धुराने पिवळं पडलेलं, आणि दिव्यामागे पांढराशुभ्र चौकोन — दिव्याच्या मापाचा, तंतोतंत. दिवा कधी बदललाच नव्हता. कारखाना ज्या वर्षी दिवा बदलतो, त्या वर्षीच्या गाड्यांत दोन्ही तऱ्हा निघतात. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं.

मी दिवा परत बसवला. स्क्रू नीट आवळले. बाहेर आलो तर युसूफ अजून तेच म्हणत होता — कपडा देखो, कपडा देखो. कुणीतरी खरंच बघितलं असतं. मी त्याच्या तोंडावर लाथ मारली, होती नव्हती तेवढी ताकद लावून. दात पडले, तो गप्प झाला. भागीदारानेच मारलं म्हटल्यावर त्या लोकांचाही राग निवला. ते गाडी घेऊन निघून गेले.

बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. वायर धरता येईना, तेव्हा युसूफने काम सोडलं. आता नल्लकुंट्यात मुलाच्या दुकानात बसून असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "भाऊ लात मारे, तब वो लोगां रुके. नहीं तो जान से मार देते थे मेरेकू."

दिव्यामागे काय दिसलं, हे त्याने मला कधीच विचारलं नाही.

दर ईदला त्याच्या घरून शीरखुर्म्याचा डबा येतो. मी खातो. डबा धुतो, आणि भांडं रिकामं परत करू नये म्हणून त्यात साखर घालून पाठवतो.