मावशींचा सुजलेला पाय

स्तनाच्या कॅन्सरवरच्या नव्या हार्मोन गोळीच्या चाचणीत मी आणि लिंबागणेश गावच्या एक मावशी, अशा आम्ही दोघी होतो. मावशी गाठीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलायच्या. "वाढली न्हाई, बाई," एवढंच दर खेपेला सांगायच्या. एकदा दवाखान्याच्या बाकावर त्या सुजलेला पाय लुगड्याने झाकून बसल्या होत्या. लुगडं सरकलं, तेव्हा तो मला दिसला.

"डॉक्टरांना सांगू नका, मावशी. गोळीनंच सूज आली म्हणून ती बंद करतील," मी म्हणाले.

"त्याचंच लई भ्याव वाटतं. पर मी लपिवलं, तर उद्या ही गोळी घेणाऱ्या बाईला कोन सांगंल?"

आत जाऊन त्यांनी पाय दाखवला. डॉक्टरांनी गोळी थांबवली. उतरलेल्या चेहऱ्याने त्या बाहेर आल्या, तरी माझ्याजवळ बसून राहिल्या. माझं नाव पुकारलं, तेव्हा पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुजी चालू ऱ्हावी, बाई."