तोरणाखाली समोरची जागा

आमच्या मारेगावाकडं पोळ्याले बैलं तोरणाखाली आली का झडत्या सुरू होतात. हात वर करून, मोठ्यानं म्हणायच्या टोचऱ्या दोन ओळी. एकानं म्हणावी, समोरच्यानं परतवावी अन् गावानं 'हर हर महादेव' करावा. लोकं देवावर म्हणतात, सासऱ्यावर म्हणतात. मी पक्षावर म्हणायचो. अन् माह्यासमोर उभा राहायचा माहा लहानपणचा दोस्त. वावराले वावर लागून, पण पक्ष त्याचा वेगळा, माहा वेगळा.

त्याच्या नेत्याले शेतकरी दिसायचा लय सोस. बॅनरवर फेटा, हातात कपाशीचं बोंड, अन् गाडीतून उतरला का पहिले रुमालानं बूट पुसणार! मी एका पोळ्याले म्हटलं:

'नेता आला वावरात, संगं फोटोवाला,
तिफन धरली उलटी अन् म्हणे पेरा झाला!'

पब्लिक हसून हसून बेजार. दोस्त काय गप्प बसते? त्यानं तिथंच परतवलं:

'तुह्या नेत्याचं बॅनर मोठं, चौक सारा झाकला,
दवाखान्याची पाटी दिसेना, पेशंट तिथंच थकला!'

मग आमी दोघं त्याच्याच घरी पुरणपोळी खायचो. वहिनी वाढता वाढता म्हणायची, "भाऊजी, आता तरी भांडणं पुरे करा!" आमी कायले ऐकतो! तशी भूक मले मंग कधी लागली नाही.

औंदा त्याचा नेता आमच्या पक्षात आला. एका सभेत फेटा तोच, बूट तेच, फक्त दुपट्टा आमचा. मागून सारे कार्यकर्ते आले, त्यात माहा दोस्तही. माह्या बाजूच्या खुर्चीत बसून म्हणे, "आता आपण एकाच घरचे." मले खुशी व्हायले पायजे होती. पण झाली नाही, खरं सांगतो.

वाटलं, पक्ष जाऊ दे, पोळ्याले तरी तो समोर उभा राहीन. आखा श्रावण मी त्याच आशेवर होतो. पोळ्याले त्यानं बैलं आणली अन् माह्या बाजूनं उभी केली. समोर कोणीच नाही. मले राहवलं नाही. मीच समोर गेलो अन् त्याच नेत्यावर नवी झडती म्हटली.

कोणी हसलं नाही. नवे पदाधिकारी तिथंच उभे होते. मी दोस्ताकडं पाह्यलं. त्याचे ओठ हलले. जवाब तोंडापर्यंत आला होता, मी वळखतो ना त्याले! पण त्यानं पदाधिकाऱ्यांकडं पाह्यलं अन् येऊन माहा हात धरला.

"नको गड्या. आता तो आपला हाये."

"तो कायचा आपला बे?" मी म्हटलं. "माहा तर तू होता. तिकडं उभा राहायचा तवा."

त्यानं हात सोडला नाही.