बारदान्यावरची जागा

मंगळवारी आमच्या घरांच्या ओळीमागच्या मोकळ्या जागेत मोबाइल टॉवरसाठी खड्डा खणायला सुरुवात झाली. माझी शेजारीण बारदाना घेऊन गेली आणि तिथे बसली.

बसणं एवढंच तिला येत होतं, आणि ते तिला फार चांगलं येत होतं. तरुणपणी ती राईस मिलमध्ये पोत्यांची तोंडं शिवायची. तिथला एक बारदाना, म्हणजे रिकामं गोणपाट, घडी करून कायम तिच्या काखेत असे. रेशन दुकानात तांदूळ संपला म्हणाले की ती तो अंथरायची. तहसीलमध्ये साहेब जेवायला गेले म्हणाले की अंथरायची. "उभ्या माणसाले लोक वाटेले लावतेत जी. बसलेल्याले उठवा लागते," असं म्हणायची. भांडण नाही, आवाज नाही. पदरातल्या शेंगा सोलत बसायची. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. पाहून ठेवा.

आमच्या घरांची भिंत एक. मध्य प्रदेशातल्या आमच्या या बालाघाटच्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. हातात पुस्तक दिसलं की ती विचारायची, "भाऊ, हे बी संपवून राह्यले का? एवढं वाचून धाप नाही लागत तुमाले?" धाप तिला लागायची. दमा जुना होता. हिवाळ्यात तिचा श्वास मला भिंतीतून ऐकू यायचा.

टॉवर आधी आमच्याकडे यायचाच नव्हता. रस्त्यापलीकडच्या कॉलनीत, एका व्यापाऱ्याच्या गच्चीवर तो लागणार होता. कॉलनी पेटून उठली. रेडिएशन, मुलांची डोकी, घरांचे भाव, सगळ्यावर बैठका झाल्या. फलक रंगवले. पण ऊन चढलं की फलक धरणारे कूलरपुढे जाऊन बसत. फाटकात दिवसभर बसायला कोणीतरी हवं होतं. तेव्हा त्यांना ती आठवली.

"मले त्यातलं काही समजत नाही," ती मला म्हणाली, "पर लेकरायले तरास होते म्हंतेत. तं बसतो मी."

"तुमचं घर तर इकडे आहे."

"मंग का झालं? रस्ता ओलांडाले रेल्वे लागते का?"

ती बसली. लोखंड घेऊन आलेला ट्रक तिच्यापुढे थांबला, बराच वेळ घुरघुरला आणि मागे फिरला. कॉलनीनं तिला हार घातला, फोटो काढला. संध्याकाळी ती पदरात पेढे बांधून माझ्या दारात आली. दोनच होते. मोठा मला दिला. "घ्या भाऊ. आपुन जिंकलो."

मग तो मंगळवार आला. आमच्या मागची जागा कॉलनीतल्याच एकानं कंपनीला सुचवली होती, हे पुढे कळलं.

मी गेलो तेव्हा तिनं बारदान्याचा अर्धा भाग माझ्याकडे सरकवला. ओळीतले बाकीचे मजुरीला जाणारे. ते संध्याकाळी यायचे, तोवर खणणाऱ्यांचं दिवसाचं काम उरकलेलं असायचं. शेवटी ती म्हणाली, "कॉलनीवाल्यायले बलावू." मी सोबत गेलो. ज्यानं हार घातला होता, तोच फाटकाशी आला. फाटक त्यानं उघडलं नाही.

"अम्मा, अब तो वो उधर चला गया ना. हमारा काम तो हो गया."

"तुमी बसू नका जी," ती म्हणाली. "बसाले मी आहो. तुमी नुस्ते उभे राहा."

आयुष्यभर उभ्या माणसांना हसलेली बाई हे बोलत होती. "देखते हैं, अम्मा," तो म्हणाला.

कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी जागेची पाहणी करायला एक साहेब सरकारी जीपमधून उतरले. ठेकेदाराला विचारलं, "यहाँ किसी का विरोध तो नहीं है?" ती त्यांच्या बुटांपासून हातभर अंतरावर बसली होती.

"मंग मी कोन आहो, साहेब? दगड आहो का?"

साहेब हसले. ठेकेदारही हसला. फार नम्रपणे म्हणाला, "अम्मा, आप आराम से बैठो. हम उधर से खोद लेते हैं." तिच्यासाठी चहाही मागवला.

आणि त्यांनी तिच्या बाजूबाजूनं खणलं. माती बारदान्याच्या कडेपर्यंत आली. चहा तसाच राहिला. ऊन उतरल्यावर ती आपली आपण उठली. काम झाल्याशिवाय ती उठलेली मी तेव्हाच पाहिली. बारदाना झटकत म्हणाली, "चला भाऊ. इथं बसलेलं कोनाले दिसत नाही."

टॉवर उभा राहिला. त्याचा जनरेटर तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आला. इथे वीज जातेच, आणि वीज गेली की तो चालू. धूर सरळ तिच्या चुलीपर्यंत. टॉवरनं तिला मारलं असं मी म्हणणार नाही. दमा जुना होता, डॉक्टरही तेच म्हणाले. ती खिडकी तिनं उन्हाळाभर उघडली नाही, एवढं मी पाहिलं आहे. त्या उन्हाळ्याच्या शेवटी ती गेली.

कॉलनीच्या ग्रुपवर तिचा हारातला फोटो फिरला. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. वैनगंगेच्या घाटावर मात्र आम्ही ओळीतलेच होतो.

मुलगा रायपूरला असतो. तेरवी उरकून त्यानं घर भाड्यानं दिलं. टॉवरचा चौकीदार तिथे राहतो. संध्याकाळी तो ओट्यावर बसतो. अंगाखाली बारदाना तिचाच आहे.