अक्कांच्या नावावरची साखर

रविवार, ११ जानेवारी. जेवणं आटोपल्यावर अक्कांची पेटी उघडली. साड्यांची वाकळ शिवायची होती आणि ब्लाउज उसवून कापड वेगळं काढायचं होतं. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, चंद्रकला. त्यांना जाऊन महिना झाला. ब्लाउज कुणाला देऊन उपयोग नव्हता. सगळे माझ्याच हातचे आणि त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धं बोट खाली, ते माप दुसऱ्या बाईला बसत नाही. सात-आठ उसवून झाले. पेटीच्या तळाशी औषधाच्या दुकानातली पिशवी निघाली. आत घडी घातलेला एक कागद आणि गोळ्यांचं अर्धं पाकीट. कागद वाचला आणि कात्री खाली ठेवली.

त्या कागदाचं सांगायचं तर आधी अक्कांचं सांगायला पाहिजे. मी विसाव्या वर्षी या घरात आले. आमचं गाव औंढ्यापासून जवळच. घरात शिलाई मशीन घ्यायला सासऱ्यांचा विरोध होता, बायकांनी गिऱ्हाईक करू नये म्हणून. अक्का तेव्हा डोक्यावरचा पदर न ढळू देता त्यांना म्हणाल्या होत्या, “हिच्या हाताला शिवण हाय मामंजी. हिला चुलीला काहून बांधून ठेवता?” मशीन आलं. मी मशीनवर बसले आणि चूल त्यांनी घेतली. पुढं माझी पल्लवी झाली, तीही जवळजवळ त्यांनीच घेतली. त्यांचा मुलगा मोठा होऊन पुढं पुण्याला नोकरीला लागला. पल्लवी त्यांना मोठीमाय म्हणायची आणि शाळेतून आली की दप्तर माझ्याकडं टाकून त्यांच्याकडं पळायची. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझं काम होत होतं.

पल्लवी दहावीत असतानाची गोष्ट. दिवाळीला शिवलेला ड्रेस तिला संक्रांतीला ढगळ झाला. मी फीत लावली तर कमरेत तीन इंच कमी. पंधरा वर्षांच्या पोरीचं माप वाढतं, उतरत नाही. पोरगी तांब्यानं पाणी प्यायची, भाकरी दुप्पट खायची आणि तरी गळ्याची हाडं वर येत होती. शाळेत सारखी लघवीला सुट्टी मागते म्हणून बाईंनी टोकलं होतं. गावातल्या डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हणून लाल बाटली दिली. मग एक दिवस न्हाणीत मुंग्यांची रांग दिसली. दुसऱ्या दिवशीही दिसली. मी तिला औंढ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि साखर तपासून आणा म्हणून चिठ्ठी दिली, उशीर करू नका म्हणाल्या.

तपासायला जवळा बाजार गावच्या लॅबला जायचं ठरलं, त्या दिवशी नेमकी एका नवरीची आई सकाळपासून माझ्या ओसरीत बसून होती. दुसऱ्या दिवशी हळद आणि चार ब्लाउज बाकी. अक्का म्हणाल्या, “तू मशीन सोडू नको. मी नेते तिला.” संध्याकाळी दोघी परत आल्या. मी मशीनवरूनच विचारलं. अक्का पाय धूत होत्या. “काई न्हाई निघालं. अशक्तपणा हाय. ताकदीच्या गोळ्या दिल्यात, मी देत जाईन.” कागद मागायचं माझ्या मनातही आलं नाही. उलट मला इतकं हलकं वाटलं की रात्रीच्या जेवणाला मी पल्लवीला झापलं. परीक्षेची भीती वाटते म्हणून ही नाटकं करतेस, सारखं पाणी पाणी काय लावलंय. तिनं अक्कांकडं बघितलं. ते मी बघितलं… आणि सोडून दिलं.

बाराव्या दिवशी ती उठली नाही. श्वास लांब लांब चालला होता, तोंडाला सडक्या फळासारखा वास येत होता. नांदेडला नेईपर्यंत ती मला ओळखत नव्हती. तिथल्या तरुण डॉक्टरनं साखर बघितली आणि माझ्याकडं वळून विचारलं, याआधी कधी तपासणी केली होती का. मी ठणकावून सांगितलं, केली होती, काहीच निघालं नव्हतं. ते म्हणाले, असं होणं अवघड आहे, तो रिपोर्ट दाखवा, काही गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. मी अक्कांकडं बघितलं. त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या, हाताच्या अंतरावर. म्हणाल्या, “कागद गाडीत पडला कुठंतरी. गोळ्या ताकदीच्या व्हत्या.”

पोरगी चौथ्या दिवशी बोलायला लागली. इन्सुलिन जन्मभर घ्यावं लागणार, हे पण त्याच दिवशी कळलं. गावी आल्यावर अक्कांनी ते सगळं काम स्वतःकडं घेतलं. आमच्याकडं वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही, फ्रिजवर भरवसा नाही. त्यांनी लहान मातीचं मडकं आणलं, ते ओल्या वाळूत बसवलं, आपल्या जुन्या साडीचा तुकडा भिजवून भोवती गुंडाळला. त्यात डबी आणि डबीत इन्सुलिन. रोज सकाळी आंघोळीआधी तो कपडा भिजवायचा. चार वर्षांत एक दिवस चुकला नाही. ब्लाउज न्यायला आलेल्या बायकांना मी सांगायचे, माझी पोरगी माझ्या जावेनं जगवली. अक्का ऐकायच्या आणि तांदूळ निवडत राहायच्या. मला वाटायचं, केल्याचा गवगवा नको म्हणून गप्प आहेत.

डिसेंबरात त्यांच्या छातीत कळ आली. हिंगोलीला नेलं. तिथं नर्सनं बोट टोचून साखर बघितली आणि म्हणाली, शुगर अगदी बराबर आहे. मीही म्हटलं, त्यांना शुगर कधीच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

आणि आता हा कागद. नाव चंद्रकला. वय सत्तेचाळीस. साखर चारशेच्या वर, खाली लाल रेघ. तारीख बघून मी मापाची वही काढली. त्या नवरीचे चार ब्लाउज त्याच तारखेला दिले होते.

पल्लवी हिंगोलीला कॉलेजात असते, आठवड्यापुरतं इन्सुलिन घेऊन जाते आणि बाकीचं मडक्यात राहतं. रविवार म्हणून घरी आली होती. कागद तिच्यापुढं ठेवला. तिला विचारावं लागलं नाही. तिनं सांगितलं ते असं. पावती फाडणाऱ्यानं नाव विचारलं, मोठीमायनं स्वतःचं सांगितलं. पोरीला म्हणाल्या, स्कार्फ वर घे, गप राहा. आत रक्त काढणारा वेगळा, त्यानं मान वर केली नाही. रिपोर्ट घेऊन मोठीमाय एकट्याच तिथल्या दुसऱ्या डॉक्टरकडं गेल्या. त्यानं सत्तेचाळीस वर्षांची बाई बघितली, सत्तेचाळीस वर्षांचा कागद बघितला आणि त्या वयाला देतात त्या गोळ्या लिहून दिल्या. आमच्याकडं बिनलग्नाच्या पोरीचं नाव दवाखान्याच्या वहीत चढू देत नाहीत. बाकावर कुणाची मावशी बसलेली असते, कुणाची आत्या. अक्कांच्या धाकट्या बहिणीची सोयरीक टीबीच्या गोळ्यांवरून मोडली होती, ती तशीच राहिली. हे मला माहीत होतं. हे असं घरात शिरेल, हे माहीत नव्हतं.

“तू चार वर्षं बोलली न्हाईस?”

“मोठीमायनं शप्पथ घातली व्हती. आणि सांगितलं असतं तर तू त्यांचं तोंड बघितलं नसतंस. मग मला दिवसभर कोण व्हतं? तू तर मशीनवर.”

ती खरं बोलत होती.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. वर लिहिलंय ते सगळं चांगलं खरंच आहे. जवळा बाजारला नाव बदललं, ते पोरीच्या भल्यासाठी, असं मी एकवेळ धरून चालीन. अडाणीपणा होता, त्यांना वाटलं साखर म्हणजे साखर, गोळी म्हणजे गोळी. मला सांगितलं असतं तर भांडले असते आणि भांडून झाल्यावर त्यांना जेवायला वाढलंही असतं. पण नांदेडला पोरगी बेशुद्ध असताना डॉक्टरनं समोर उभं राहून विचारलं, तेव्हाही त्या खोटं बोलल्या. तिथं लग्नाचा प्रश्न नव्हता. तिथं फक्त मला कळू नये, एवढंच होतं. त्या मडक्याचा कपडा त्यांनी रोज कशासाठी भिजवला, मायेसाठी का त्या दिवसासाठी, हे विचारायला आता माणूस नाही. कागद त्यांनी फाडून का टाकला नाही, तेही कळत नाही.

सोमवारी सकाळी आंघोळीआधी मडक्याजवळ गेले. कपडा अक्कांच्याच साडीचा, विटलेला. काढून टाकावा असं वाटलं. मग तोच भिजवला आणि पुन्हा गुंडाळला, कारण इन्सुलिनला गार लागतं. पल्लवीची तीन महिन्यांची तपासणी व्हायची होती. एरवी ती हिंगोलीला करते. मी तिला जवळा बाजारला घेऊन गेले, त्याच ठिकाणी. बाकावर आमच्या गावच्या दोघी बसल्या होत्या. पावती फाडणाऱ्यानं नाव विचारलं. मी तोंड उघडलं नाही. पल्लवीनं स्कार्फ हनुवटीखाली ओढला आणि नाव सांगितलं, वय सांगितलं. त्यानं पावती पुढं केली, ती मी घेतली. नाव वाचलं, वय वाचलं, आणि मगच तिला आत सोडलं.