रोलच्या तोंडाशी पंखा

तुरीला तेल देऊन ती फिरत्या खरखरीत रोलवर घासली की साल सुटते. मग लांब बसवलेला पंखा ती साल ओढून नेतो. लातूरच्या डाळ मिलमध्ये हे असंच चालत आलेलं. मी रोल आणि पंखा एकाच पेटीत बसवले आणि पेटंट मागितलं. नांदेडच्या एका यंत्रवाल्याने त्यावर हरकत घेतली. यानेच माझ्या शेडमध्ये येऊन माझं यंत्र आतबाहेर चाचपून पाहिलं होतं आणि जाताना हसून म्हणाला होता, "मिस्त्री, ही तर खिचडी हाय!" ते हसू मी अजून विसरलेलो नाही. पेटंट नाकारलं गेलं असतं, तर तेच यंत्र त्याने स्वतःच्या नावाने विकायला काढलं असतं.

पेटंट कार्यालयाची सुनावणी लॅपटॉपवर झाली. त्याच्या वकिलाने दोन जुनी पेटंटं दाखवली. एकात रोल, दुसऱ्यात ओढणारा पंखा. दोन्ही जोडणं या धंद्यातल्या कुणालाही सुचलं असतं, म्हणे. माझं डोकं तापलं. माझ्या वकीलबाई हळूच म्हणाल्या, "काका, भडकू नका. त्यांनाच बोलू द्या."

सौद्यात मी तेच तर करतो. अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन मी नांदेडवाल्यालाच गोड आवाजात विचारलं, "मालक, तुम्ही लई वर्षं रोल विकून राहिले. गिऱ्हाईकाला पंखा रोलच्या तोंडाशी लावू देता का?"

"न्हाई ना! तेल वाळतं, साल चिकटून बसते. तसा लावला तर आपली गॅरंटी खतम!"

त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला. वकीलबाईंनी तिथेच पकडलं. सगळा धंदा जे टाळतो, ते कुणालाही सुचलं असतं कसं? रोलच्या जुन्या पेटंटातही वारा लांब ठेवा असंच लिहिलं होतं. तेल वाळू नये म्हणून मी पंख्याचं तोंड रोलच्या खाली, साल पडते तिथे वळवलं होतं. ते वळण दोन्ही पेटंटांत कुठेच नव्हतं.

निकाल माझ्या बाजूने लागला. काही दिवसांनी नांदेडहून फोन आला.

"मालक, आम्हालाबी ते यंत्र बनवायचा परवाना द्या की. बसून मिटवू."

"हाव, या लातूरला."

तो आला. मी भाव सांगितला. तो घासाघीस करायला लागला.

"जमत नसंल तर दुसऱ्याकडून घ्या," मी म्हणालो.

दुसरा कुणी नव्हताच.