कचरूच्या चाकूचे दाते

आमची पोस्ट उत्तरेकडच्या एका नाल्यावर होती. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर उभं राहणं, सातला चहा, आठला राशन आणायला जिप्सी खाली. उरलेला वेळ कचरूच्या चाकूची चेष्टा करण्यात जायचा.

नाईक कचरू खुलताबादजवळचा. मी हर्सूलचा, हवालदार, म्हणून तो मला उस्ताद म्हणायचा. त्याच्या घडीच्या चाकूचं पुढचं अर्धं पातं सरळ होतं, मुठीकडचं अर्धं दातेरी. दोर झकास कापायचा, कांद्याचा मात्र लगदा करायचा. मी विचारायचो, "चाकू हाय का करवत?" तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "दोन्ही, उस्ताद. पगार एकाचाच."

चाकू तो कधी कुणाच्या हातात देत नसे. हातात दिला की दोघांत भांडण होतं, ही त्याच्या घरची समजूत. तो खाली ठेवायचा, घेणाऱ्यानं उचलायचा. एकदा कंपनी कमांडरनं हात पुढं केला, तर पठ्ठ्यानं चाकू त्यांच्या बुटाजवळ ठेवून कडक सॅल्यूट ठोकला. साहेब मुकाट वाकले. हा प्रसंग मी अजून लोकांना उभं राहून करून दाखवतो.

पुढचा दाखवत नाही.

एके दिवशी राशन घेऊन परतताना दहा चाळीसला रस्त्याची कड खचली आणि जिप्सी नाल्यात गेली. ड्रायव्हर सिपाही दिगंबर, शेजारी मी, मागं कचरू. गाडी आडवी, पाणी छातीपर्यंत. माझा बेल्ट सुटेना, दिगंबरचाही. कचरूनं माझा बेल्ट दात्यांनी चार ओढींत कापला. मला वर ढकलायला त्याला दोन्ही हात हवे होते. त्यानं चाकू माझ्या हातात दिला.

मी बाहेर पडलो तसा प्रवाहानं ओढला गेलो. मागून कचरूचा आवाज आला, "उस्ताद, चाकू!"

दिगंबरचा बेल्ट राहिला होता. चाकू माझ्या मुठीत, आणि मी वीस मीटर खाली. मी उलटा फिरलो. तोवर गाडी दोघांसकट पलटली होती.

आमच्या मागून येणाऱ्या फौजी ट्रकनं रेडिओवर कळवलं, "एक सेफ, दोन मिसिंग. ओव्हर."

चाकू माझ्याकडंच राहिला. रिटायर झाल्यावर तो कचरूच्या वडिलांना, आबांना, नेऊन दिला. त्यांची सीताफळाची बाग आहे. त्यांनी एका काडीवर पातं चालवून पाहिलं.

"साल फाटतीय. कलमाला साफ काप लागतो. दाते घासून आण."

दाते राहू द्या, असं मी म्हणालो. त्यांनी कारण विचारलं. तेव्हा इतकी वर्षं न सांगितलेलं सगळं सांगितलं, चाकू कुणाच्या मुठीत राहिला तेही.

आबांनी पातं मिटलं.

"त्यानं हाक मारली ती ऐकलीस?"

"ऐकली."

"फिरलास?"

"फिरलो, आबा. पोचलो नाय."

त्यांनी चाकू बांधावर ठेवला. "दाते घासून आण," एवढंच म्हणाले. मी उचलला.

औरंगपुऱ्यातल्या धारवाल्यानं चाकू उलटसुलट करून पाहिला. "दांते गए तो वापस नइं आते, फौजी साब. सोच लेव."

"निकालो."

तापलं की पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, म्हणून तो दोनदा घासून एकदा पाण्याच्या डब्यात बुडवत होता. वीस मिनिटांत दाते गेले. पातं जरा अरुंद झालं, धार टोकापासून मुठीपर्यंत सरळ.

दुसऱ्या दिवशी बागेत मी चाकू रीतीप्रमाणं आबांसमोर बांधावर ठेवला. त्यांनी उचलला नाही. तळहात पुढं केला.

"हातात दे."

दिला.

पहिलं कलम त्यांनी नाईक कचरूच्या नावानं बांधलं. मग दुसरी काडी माझ्यापुढं धरली आणि चाकू माझ्या हातात दिला.

"ही दिगंबरची. तू काप."

काप साफ गेला.